मयसभेत कोण हसले? महाभारतावरील मालिकांच्या लेखक-निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
महाभारतावर मालिका करणारे आणि करू इच्छिणारे सर्व निर्माते, पटकथाकार, संवादलेखक आणि वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

महाभारतावरची नवी मालिका सुरू झाली की थोड्याच आठवड्यांत एक वाद हमखास डोके वर काढतो. या मालिकेत नायक आणि खलनायक यांची अदलाबदल झाली आहे, असे काही जण म्हणतात. कर्णाला देव्हाऱ्यात बसवले, पांडवांना कपटी ठरवले, कृष्णाला कारस्थानी करून टाकले, ही त्यांची तक्रार असते. दुसऱ्या बाजूचे लोक तितक्याच त्वेषाने सांगतात, की हेच खरे महाभारत असून आजवर आपण फक्त जेत्यांची बाजू ऐकत आलो. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, त्यामुळे ओळखीपाळखीची माणसे या वादात मला पंच म्हणून ओढतात आणि मी ज्याच्या बाजूने निकाल देत नाही त्याचा रोष ओढवून घेते. या पत्रात मी कोणत्याच पक्षाला निकाल देणार नाही. माझी तक्रार दोन्ही पक्षांच्या तक्रारींहून निराळी आहे आणि ती थेट तुमच्याकडे आहे.

ती सुचली एका साध्या प्रश्नावरून. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवलेली बी. आर. चोप्रा यांची मालिका २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली गेली, तेव्हा माझी भाची नववीत होती आणि ती सगळी मालिका तिने माझ्या शेजारी बसून पाहिली. द्यूतसभेचा प्रसंग सुरू होता. दुःशासनाने केस धरून ओढत आणलेली द्रौपदी सभेत उभी होती, भीष्म-द्रोण खाली माना घालून बसले होते, घरात कोणी बोलत नव्हते, आणि भाचीने हळूच विचारले, "पण मावशी, ती तेव्हा हसली नसती, तर हे झाले असते का?"

तिची यात काही चूक नव्हती. काही भागांपूर्वीच तिने मयसभा पाहिली होती. स्फटिकाची फरशी समजून दुर्योधन पाण्यात पडतो, वर सज्जात उभी असलेली द्रौपदी खळखळून हसते आणि "आंधळ्याचा पुत्र आंधळा" असे म्हणते. दुर्योधनाचा चेहरा अपमानाने काळवंडतो आणि पाहणाऱ्याच्या मनात कार्यकारणाची गाठ पक्की बसते : तिने जीभ आवरली नाही, म्हणून पुढचे सगळे घडले.

मी त्या दिवशी संध्याकाळी सभापर्व काढले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे केले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते जमवून ताडून पाहिली गेली, आणि सुकथनकर, बेलवलकर, वैद्य अशा संपादकांच्या हाताखाली जवळजवळ अर्धे शतक हे काम चालले. त्या आवृत्तीत मयसभेचा प्रसंग अगदी आटोपशीर आहे. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा सेवक हसतात. युधिष्ठिराच्या आज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे दिली जातात. त्याला त्या अवस्थेत पाहून भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात. द्रौपदीचे नाव तिथे नाही. "आंधळ्याचा पुत्र" हे शब्द तर कुणाच्याच तोंडी नाहीत.

मग द्रौपदी येते कुठून? ती येते दुर्योधनाच्या तोंडून. हस्तिनापुरात परतल्यावर तो बापाजवळ आपली व्यथा सांगतो, त्यात तो म्हणतो की कृष्ण आणि अर्जुन मला मोठ्याने हसले आणि द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली, त्याने माझे मन पोळले. निवेदकाने सांगितलेला प्रसंग आणि दुखावलेल्या माणसाने सांगितलेला प्रसंग यांत हा फरक ग्रंथानेच ठेवला आहे. दुर्योधन खोटे बोलला, की अपमानाच्या क्षणी त्याला सगळेच चेहरे हसरे दिसले, हे कवी सांगत नाही. तुमच्यासारख्या नाट्याच्या जाणकारांना यात केवढे नाट्य दिसायला हवे होते! प्रत्यक्षात झाले असे, की पुढच्या रूपांतरांनी आणि त्यांच्या मागोमाग मालिकांनी दुर्योधनाची तक्रार घडलेली गोष्ट म्हणून उचलली, तिला एक झणझणीत वाक्य जोडले आणि जिच्यावर अत्याचार झाला तिच्याच माथी त्या अत्याचाराचे खापर फोडले.

माझी तक्रार ही एवढीच आहे. सहानुभूती कुणाकडे झुकवायची हा तुमचा हक्क आहे आणि तो मला मान्य आहे. एकाने केलेले कृत्य उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकणे मात्र मला मान्य नाही. नायक-खलनायक उलटे झाले असे प्रेक्षकांना वाटते, तेव्हा बहुतेक वेळा घडलेले असते ते हेच. पात्राची बाजू बदललेली नसते, त्याच्या खात्यावरची नोंद बदललेली असते.

कर्णाचे उदाहरण घेते, कारण या वादात सर्वांत जास्त घसा त्याच्यावरूनच कोरडा होतो. मराठी वाचकाचे कर्णावर जुने प्रेम आहे आणि ते मी कमी लेखत नाही. टोपलीत सोडलेले मूल, सूताच्या घरी वाढलेला धनुर्धर, भर रंगभूमीवर विचारली गेलेली जात, हे सगळे ग्रंथातच आहे आणि ते वाचून ज्याचे काळीज हलत नाही त्याने महाभारताच्या वाटेला जाऊ नये. परंतु कर्णाला नायक करायचे ठरले, की पटकथेत दोन गोष्टी ठरल्यासारख्या होतात. स्वयंवरात द्रौपदी "मी सूतपुत्राला वरणार नाही" असे म्हणून त्याला भर सभेत अपमानित करते, हे ठसठशीतपणे दाखवले जाते. आणि द्यूतसभेत कर्ण जे बोलला ते गाळले जाते, सौम्य केले जाते किंवा दुर्योधनाच्या वाट्याला दिले जाते.

पहिली गोष्ट काही हस्तलिखितांत आहे, पण चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेत घेतलेली नाही, तळटीपेत ठेवली आहे. संहितेत उलट, अर्जुन धनुष्याकडे जायला उठतो तेव्हा ब्राह्मण आपापसांत कुजबुजतात, की जे धनुष्य कर्ण-शल्यांसारख्या बलाढ्यांना वाकले नाही ते या पोराला काय वाकणार! म्हणजे कर्णाने प्रयत्न केला आणि तो फसला. तिथे अपमान नाही, साधे अपयश आहे. दुसरी गोष्ट मात्र संहितेत आहे आणि ती सुटता सुटत नाही. धृतराष्ट्राचाच एक मुलगा विकर्ण उठून म्हणतो, की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. सभेत त्याचे कौतुक होते. तेव्हा त्याला गप्प करतो तो कर्ण. अनेक पतींची म्हणून तो द्रौपदीला कुलटा म्हणतो, अशा बाईला एकवस्त्रा किंवा विवस्त्र आणले तरी त्यात नवल नाही असे म्हणतो, आणि दुःशासनाला सांगतो, की पांडवांची आणि द्रौपदीचीही वस्त्रे काढून घे.

हे प्रेक्षकांना दाखवले तर कर्ण नायक राहणार नाही, अशी भीती तुमच्या कथाबैठकीत कुणीतरी व्यक्त करत असणार. मला ही भीती अनाठायी वाटते, आणि तिच्यामुळे कर्णाचे केवढे नुकसान होते याचा हिशेब कुणी मांडत नाही. युद्धापूर्वी कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि त्याचे जन्मरहस्य सांगतो, ते उद्योगपर्वातले संभाषण आठवा. कर्ण पांडवांकडे यायला नकार देतो, दुर्योधनाच्या मैत्रीला जागतो, येणाऱ्या युद्धाला यज्ञाची उपमा देऊन त्यात आपण सारे कसे होमले जाणार ते सांगतो, आणि त्याच ओघात म्हणतो : दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जी कडू वाक्ये बोललो, त्या कृत्याने आज मला ताप होतो. साऱ्या महाभारतात इतक्या सरळ शब्दांत आपली चूक कबूल करणारी माणसे फार थोडी आहेत. आता सांगा, सभेतले कर्णाचे शब्द तुम्ही गाळले असतील, तर या संभाषणात त्याने पश्चात्ताप कशाचा करायचा? तुम्ही त्याचा अपराध पुसला आणि त्याबरोबर त्याचा मोठेपणाही पुसला गेला. उरला तो अन्यायाचा एक सोशिक पुतळा, ज्याच्या मागे मंद गतीत सूर्य उगवतो आणि पार्श्वसंगीत चढत जाते.

जी गत कर्णाची तीच उलट बाजूने शकुनीची. बापाच्या हाडांचे फासे करून कुरुकुळाचा सूड घ्यायला आलेला मामा संस्कृत महाभारतात नाही, तो पुढच्या लोककथांतला. ही कथा भलतीच रंजक आहे आणि ती वापरू नका असे मी म्हणत नाही. पण तिचा परिणाम पाहा. सगळा कट शकुनीचा झाला, की दुर्योधन बहकवलेला भाचा होतो आणि धृतराष्ट्र असहाय आंधळा म्हातारा होतो. ग्रंथात द्यूत चालू असताना हा म्हातारा काय करत असतो? तो आनंदून पुन्हापुन्हा विचारत असतो, "काय जिंकले? काय जिंकले?" आणि कवी लगेच सांगतो, की त्याला चेहऱ्यावरचा भाव लपवता आला नाही. विदुर मान खाली घालून सुस्कारे टाकतो आहे, सभेतल्या वृद्धांच्या तोंडून धिक्काराचे शब्द निघत आहेत, आणि राजा मात्र जिंकलेल्या वस्तूचे नाव ऐकायला आतुर आहे. कॅमेऱ्यासाठी याहून चांगला क्षण कोणता शोधायचा, हे मला खरोखर कळत नाही. वाईटपणाला लंगडी चाल आणि काळे कपडे लागत नाहीत, हे त्या एका प्रश्नात दिसते.

एव्हाना पांडवपक्षाचे वाचक खूश झाले असतील, म्हणून त्यांच्याकडेही वळते. पांडवांना नायक ठेवणाऱ्या मालिकाही हिशेबात चोख नाहीत. वारणावतातल्या लाक्षागृहाचा भाग लिहिताना तुम्ही दुर्योधनाचे आणि पुरोचनाचे कारस्थान सविस्तर दाखवता, विदुराचा सांकेतिक निरोप दाखवता, भुयार खणणारा दाखवता, आणि आग लागल्यावर कुंतीसह पाच भाऊ सुखरूप बाहेर पडतात तेव्हा प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. आदिपर्वात त्या रात्री आणखी कुणीतरी आहे. कुंतीने अन्नदान केलेले असते. अन्नाच्या आशेने एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन येते, ती सारी मद्य पिऊन तिथेच झोपतात, आणि भीम घराला आग लावतो. सकाळी नगरजनांना राखेत सापडतात ती त्या सहा जणांची शरीरे, आणि तीच कुंती व पांडव समजून लोक शोक करतात. पांडव वाचले ते नुसत्या भुयारामुळे नाही. त्यांच्या जागी मोजायला सहा मृतदेह मिळाले म्हणूनही ते वाचले. या बाईला नाव नाही. मालिकांतही तिला बहुधा जागा नसते.

"जेत्यांनी लिहिलेला इतिहास" हे वाक्य तुमच्या प्रसिद्धीच्या मुलाखतींतही अलीकडे फार ऐकू येते, म्हणून एक गोष्ट इथे नोंदवणे मला भाग आहे. व्यासांचा शिष्य वैशंपायन ही कथा सांगतो ती जनमेजयाला, म्हणजे अर्जुनाच्या पणतूला, त्याच्याच सर्पसत्रात. ऐकणारा राजा पांडवांच्या वंशातला असूनही त्याच्या तोंडावर निषादीच्या मुलांची गोष्ट सांगितली जाते. द्रोणाला फसवण्यासाठी युधिष्ठिर अर्धसत्य बोलला आणि तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भुईला टेकला, हेही सांगितले जाते. भीमाने कमरेखाली गदा मारली तेव्हा बलराम संतापला. मरणोन्मुख दुर्योधनाने कृष्णाला त्याच्या एकेका कपटाचा जाब विचारला आणि त्यावर आकाशातून पुष्पवृष्टी झाली ती दुर्योधनावर, आणि पांडव लाजले, हेही त्यातच आहे. शेवटी स्वर्गात पोचलेल्या युधिष्ठिराला पहिल्यांदा दिसतो तो सिंहासनावर बसलेला दुर्योधन. जेत्यांनी स्वतःच्या गौरवासाठी लिहून घेतलेला ग्रंथ असा असतो का? दडपलेली बाजू उजेडात आणल्याचे श्रेय ज्या मालिका घेतात, त्यांनी उजेडात आणलेले बरेचसे व्यासांनी आधीच भर सभेत सांगून ठेवलेले आहे.

सहानुभूती पूर्णपणे फिरवूनही कृत्ये जागच्या जागी ठेवता येतात, याचा दाखला मला दूर शोधावा लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी संस्कृत पंडित गणपतिशास्त्र्यांना केरळात जी जुनी नाटके सापडली आणि जी प्राचीन संस्कृत नाटककार भासाच्या नावावर मानली जातात, त्यांत 'ऊरुभंग' आहे. दुर्योधन तिथे नायक आहे, यात शंकाच नाही. मांड्या मोडून तो भुईवर पडला आहे. आंधळे आईबाप, असे म्हणायचे तर एक जन्माने आणि दुसरी पट्टी बांधून आंधळी, त्याला हाका मारत रणभूमीवर शोधत येतात. लहानगा दुर्जय धावत येऊन नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसू पाहतो, आणि बापाला त्याला अडवावे लागते, कारण बसायला मांडीच उरलेली नाही. हे वाचताना कुणाला पांडवांचा विजय आठवत नाही. आणि तरीही सूडाने पेटलेला अश्वत्थामा समोर येतो तेव्हा हाच दुर्योधन त्याला सांगतो, की द्यूतात द्रौपदीचे केस धरून तिला ओढले, बाळ वयाच्या अभिमन्यूला रणात मारले, कपटाच्या फाशांनी जिंकून पांडवांना वनात श्वापदांच्या संगतीला धाडले. त्या मानाने त्यांनी माझे केले ते थोडेच आहे. नाटककाराने त्याचे एकही पाप दुसऱ्याच्या खात्यावर टाकले नाही. ती पापे त्याच्याच तोंडून मोजून घेतली, आणि त्यामुळेच तो माणूस आपल्याला जवळचा वाटतो.

तुमच्या अडचणी मला अगदीच कळत नाहीत असे नाही. रोज अर्धा तास भरायचा, आठवड्याच्या आकड्यांवर भवितव्य टांगलेले, प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला उद्यापर्यंत अडकवून ठेवायचे. अशा घाईत पात्राला एकच रंग देणे सोयीचे पडते. मालिकेच्या आरंभी "नाट्यमयतेसाठी स्वातंत्र्य घेतले आहे" अशी पाटीही तुम्ही झळकवता. ती पाटी माझ्या भाचीने वाचली नव्हती आणि वाचली असती तरी तिला त्यातून कळले नसते, की स्वातंत्र्य नेमके कुठे घेतले आहे आणि त्याची किंमत कुणी मोजली आहे. स्वातंत्र्य फासे कशाचे होते यात घेतले असेल, तर ते कल्पनेचे काम झाले. सभेत बोलणाऱ्याची जीभ वाचवायला सज्जातल्या बाईची जीभ पुढे केली असेल, तर त्याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही.

म्हणून माझी विनंती मोजकी आहे. तुमच्या पुढच्या मालिकेत नायक कर्ण असो, दुर्योधन असो, अर्जुन असो की शकुनी, माझी काही हरकत नाही. कथाबैठकीत एखादे वाक्य किंवा एखादे कृत्य एका पात्राकडून काढून दुसऱ्याला द्यायचे ठरेल, तेव्हा तेवढ्यापुरते थांबा आणि ते कुणाच्या माथी जाते आहे ते पाहा. मयसभेत दुर्योधनाला पाण्यात पाडा, भीमाला मनसोक्त हसू द्या, आणि द्रौपदी हसली हे दुर्योधनाला बापाजवळ सांगू द्या. प्रेक्षकाने काय समजायचे ते प्रेक्षक समजेल. विकर्णाला बोलू द्या, कर्णाला त्याला गप्प करू द्या, आणि पुढे कृष्णाच्या रथात त्याचा गळा दाटू द्या.

आणि वारणावतात घर पेटेल, तेव्हा कॅमेरा भुयाराच्या तोंडाशी नेण्यापूर्वी एकदा आत वळवा. तिथे एक आई आणि तिची पाच मुले झोपलेली आहेत.

कळावे,
आपली एक प्रेक्षक,
निवृत्त संस्कृत शिक्षिका